वयोमान नव्हे, फरशी

रविवार, ९ मार्च २०१४, सकाळी अकरा. स्थळ: कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची लॉबी. विषय: कै. प्रमिला जगदाळे यांना श्रद्धांजली. उपस्थित: अध्यक्ष श्री. देवस्थळी, पहिल्या मजल्यावरचे फळांचे व्यापारी श्री. बागवान, बाईंचा मुलगा अजय आणि सून, बाईंच्या हाताखाली खो-खो खेळलेल्या आणि आता स्वतःचे गुडघे जपत चालणाऱ्या काही विद्यार्थिनी, सोसायटीचे इतर सभासद, आणि सचिव म्हणून मी.

सगळे भिंत धरून आत आले. लॉबी नुकतीच पुसली होती. हे वाक्य मी इतिवृत्तात घातलं होतं, देवस्थळींनी काढायला लावलं. म्हणाले, "विषयाशी संबंध नाही."

बाईंचा फोटो खुर्चीवर ठेवला होता आणि खुर्ची नेमकी पाटीखाली होती. पाटी अशी: "लॉबी व जिन्याची फरशी निसरडी आहे. सावकाश चालावे. घसरून पडल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. आदेशावरून." फोटोला हार घालायला वाकलेल्या एका विद्यार्थिनीचा पाय सरकला. तिनं खुर्ची धरली म्हणून वाचली. विषयाशी संबंध नसावा.

देवस्थळी बोलले. बाई शिस्तीच्या होत्या, स्पष्टवक्त्या होत्या, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या, आणि वयोमानानुसार आपल्यातून गेल्या.

मी इतिवृत्तात तेच लिहिलं, कारण सभेत जे बोललं जातं ते सचिवानं लिहायचं असतं. पण ते खरं नाही. बाई वयोमानानुसार गेल्या नाहीत. त्या फरशीमुळे गेल्या. आणि 'शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर' हेही खरं नाही, कारण तेवढीच एक गोष्ट त्यांना हवी होती आणि तेवढीच आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतली. इतिवृत्तात या गोष्टींना जागा नसते, म्हणून इथे लिहिते.

बाई आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, नवरा गेला, मुलगा वारज्याला राहायला गेला, तरी सगळ्यांना त्या 'बाई'च. उंची बेताची, आवाज मैदानावरचा, कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अजून एक शिट्टी. साडी घोट्याच्या वर खोचलेली, कारण पाय दिसले पाहिजेत. पायांचा त्यांना गर्व होता. रुंद, काळेसावळे, बोटं एकमेकांपासून सुटी. प्रत्येक बोट जमिनीवर वेगळं टेकायचं. कुणी फोटो काढायला लागलं की म्हणायच्या, "तोंड कशाला काढताय? पाय काढा. कामाचे तेच आहेत."

घरात चपला घालणारी माणसं त्यांना मुळीच चालायची नाहीत. "घर म्हणजे काय रस्ता आहे?" या एका मुद्द्यावर त्यांनी माझ्या मोठ्या जावेला दारातून परत पाठवलं होतं. जावेची टाच दुखत होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं नाही. त्या अन्याय करायच्या, आणि केलेला अन्याय त्यांच्या लक्षातही राहायचा नाही. हे मी लपवणार नाही.

कुठल्याही घरात गेल्या की चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या आत उभ्या राहायच्या. चहा नाही, बसा नाही, आधी उभं राहणं. मग एका पायावर भार, मग दुसऱ्या. मग अंगठा किंचित फिरवायचा. आणि निकाल. "धरते." किंवा "सोडते." दोनच शब्द. मधलं काही नव्हतं. बागवानांनी घर नवं केलं तेव्हा हौसेनं बाईंना पहिल्यांदा बोलावलं. पांढरीशुभ्र व्हिट्रिफाइड फरशी, छतावरचे दिवे खाली दिसत होते. बाई उभ्या राहिल्या, अंगठा फिरवला.

"बागवान, सोडते ही."

"बाई, अहो इम्पोर्टेड आहे."

"असेल. तिकडं बूट घालून झोपतात."

बागवान हसले, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाजम आणून टाकलं. त्यांची आई तेव्हा होती. बाई त्या जाजमावर बसून आईंशी तासन्‌तास बोलायच्या, उघड्या फरशीवर मात्र पाऊल टाकायच्या नाहीत. जाजमाच्या कडेवरून थेट दारात.

त्यांच्या स्वतःच्या घरात इमारत बांधली तेव्हाचीच मोझॅक फरशी होती. राखाडी, त्यात हिरवट खडे. ती दिसायला काही नव्हती. दाराजवळ आणि ओट्यासमोर तिच्यावर वर्षानुवर्षांच्या वावराची एक मऊ झिलई आली होती, पण निसरडी ती कधी झाली नाही. बाई ती रोज साध्या पाण्यानं, गुडघ्यावर बसून पुसायच्या. फिनेल नाही, सुवासिक काही नाही. "फरशीला वास कशाला? ती काय लग्नाला निघालीय?"

फरशीबद्दल त्यांना एवढं का वाटायचं, हे मी एकदा विचारलं. तेव्हा त्या वारज्याच्या माहेराबद्दल बोलल्या. वडिलांची शेती, सारवलेली जमीन, आणि त्या जमिनीवर घरातल्या सगळ्या पोरी लंगडी घालायच्या. शाळेतही त्यांनी मुलींना कधी बुटात खेळू दिलं नाही. एकदा आंतरशालेय सामन्याला एका सभागृहात नेलं, तिथं गुळगुळीत फरशी. बाईंनी फरशीवर उभं राहून पाहिलं आणि संघ बाहेर काढला. मुख्याध्यापिका रागावल्या, चषक गेला, बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात त्यांनी लिहिलं, "मुलींचे पाय शाळेच्या मालकीचे नाहीत." हे सांगताना त्या खूश व्हायच्या. चषक गेल्याचं दुःख त्या मुलींना झालं असणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आमच्या घराची फरशी बदलायची ठरली तेव्हा मी माझ्या पद्धतीनं यादी केली. खोल्यांची मापं, रंग, दुकानं, कुठल्या दिवशी कुठलं. बाई म्हणाल्या, "मीपण येते." येताना पिशवीत पाण्याची बाटली घेतली. मला वाटलं प्यायला.

दुकानातला मुलगा फार चांगला होता, म्हणजे विकायला. त्यानं फरशीवर किल्लीनं ओरखडा काढून दाखवला, उठला नाही. चहा सांडून पुसून दाखवला, डाग नाही. बाईंनी सगळं शांतपणे बघितलं. मग नमुन्याची फरशी जमिनीवर ठेवायला लावली, चपला काढल्या, बाटलीतलं पाणी ओतलं.

"अहो मॅडम, पाणी कशाला? घरासाठी घेताय ना? स्विमिंग पूलसाठी नाही."

"तुमच्या घरी फरशी कोरडीच पुसतात का?"

"तसं नाही मॅडम. पण अँटी-स्किड हवी असेल तर ती बाथरूमची रेंज वेगळी आहे."

"म्हणजे माणसानं पडायचं ते बाथरूममध्येच, असं ठरलंय का?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी यादीकडे बघितलं. बाई त्या ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या, आणि मला हात दिला. "ये. तूही उभी राहा." दुकानभर माणसं होती. मी उभी राहिले. पाय खरंच सरकला. ती फरशी मी यादीतून खोडली, आणि त्यानंतरच्या चारही. शेवटी बाईंनी पसंत केलेली खरखरीत, मातकट फरशी आम्ही घेतली. आता स्पष्ट सांगते: तिच्यात मळ बसतो. आठवड्यातून एकदा ब्रशनं घासावी लागते, आणि घासताना दर वेळी मी बाईंच्या नावानं बोटं मोडते. पण माझ्या सासूबाई त्या फरशीवर शेवटपर्यंत हिंडल्या. काठीशिवाय.

पुढे सोसायटीनं लॉबी आणि जिना नवा करायला घेतला. जुन्या शहाबादी पायऱ्या झिजल्या होत्या, हे खरं. समितीच्या बैठकीत देवस्थळींनी नमुने आणले. जिन्याला काळा, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, लॉबीला आरशासारखी फरशी. देवस्थळी निवृत्त बँक अधिकारी. स्वभावानं वाईट नाहीत. सोसायटीत पाहुणा आला की त्याच्या तोंडून पहिला शब्द 'वा' निघावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाई समितीवर नव्हत्या. तरी आल्या, अनवाणी, हातात तांब्या. टेबलावरचा नमुना उचलला, खाली ठेवला, पाणी ओतलं.

"देवस्थळी, या. चपला काढा आणि उभे राहा."

"बाई, हा तांत्रिक विषय आहे. आर्किटेक्टनी सुचवलंय."

"मग आर्किटेक्टला बोलवा, तो उभा राहील."

"सोसायटीचा लुक बदलतोय, बाई. आजूबाजूच्या बिल्डिंगा बघा."

"लुक तुम्ही वरून बघणार. मला खालून चढायचंय."

कुणी हसलं. देवस्थळी उभे राहिले नाहीत. बाई माझ्याकडे वळल्या. एरवी मला अगं-तुगं करायच्या, बैठकीत मात्र अहो-जाहो. "सेक्रेटरी, लिहा. अध्यक्षांना उभं राहायला सांगितलं, ते उभे राहिले नाहीत."

मी लिहिलं. मग मतदान झालं. विरोधात बागवान आणि मी. ग्रॅनाइट बसला.

पहिल्याच महिन्यात दूधवाला घसरला, दूध जिन्यावरून खाली गेलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातली गरोदर सून घसरून दोन पायऱ्या बसत खाली आली, नशिबानं काही झालं नाही. मी तातडीची बैठक लावली. विषय: उपाययोजना. तासभर चर्चा झाली. ती फरशीवर झाली नाही, पाटीवर झाली. 'निसरडी' म्हणावं की 'गुळगुळीत', 'चालावे' की 'चालणे', 'जबाबदार नाही' आधी यावं की शेवटी. शहाण्यासुरत्या, शिकलेल्या माणसांनी एक तास शब्द घासले. पायऱ्या घासायला कुणी तयार नव्हतं. पाटी लागली तेव्हा देवस्थळींना खरोखर वाटलं की प्रश्न सुटला. फरशी निसरडी आहे हे आता लेखी होतं. यापुढे जो पडेल, तो वाचूनही पडलेला असेल.

बाईंनी पाटी पूर्ण वाचली. म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे." आणि कठडा धरून वर गेल्या. त्यांना कठडा धरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. घर त्यांचं स्वतःचं होतं. उंबऱ्याच्या आत गेल्या की त्या पुन्हा पूर्वीच्या.

दर वर्षी मे महिन्यात त्या रत्नागिरीला मोठ्या बहिणीकडे जायच्या. तिथल्या घरात लाल कोबा. परत आल्या की आंब्यांआधी कोब्याचं वर्णन. "सगळं दमट. पापड सादळतात, कपडे वाळत नाहीत, कपाटाला बुरशी. पण कोबा असा धरतो की बस." गेल्या मे महिन्यात त्या गेल्या आणि दोन दिवसांनी आमच्या मजल्यावर फरश्यांची खोकी येऊन पडली.

अजय आला होता. अजय चांगला मुलगा आहे, आणि माझा राग नेमका इथेच कुणावर काढावा हे कळत नाही. रोज आईला फोन करायचा, शनिवारी यायचा, औषधं भरून जायचा. म्हणाला, "ताई, सरप्राइज आहे. आईला सांगू नका. इतकी वर्षं त्याच जुनाट फरशीवर राहतीये."

"अजय, तिला विचारलंस का?"

"विचारलं तर नाहीच म्हणणार ना."

"मग?"

"ताई, ती कशालाच हो म्हणत नाही. फ्रिज बदलला तेव्हाही नको नको केलं. आता त्याच फ्रिजचं कौतुक सांगते."

मी त्याला दुकानातला नमुना, पाणी, सगळं सांगितलं. तो समजूतदारपणे हसला. खोकी उघडलेली होती. आत मलईच्या रंगाची, चकचकीत. जुनी फरशी फोडायची नव्हती. फोडली तर धूळ, आवाज, वेळ. वरच नवी चिकटवायची, हल्ली सगळे तसंच करतात. मी घरात जाऊन रत्नागिरीला फोन लावला. सरप्राइज वगैरे मला जमत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोडतायत का वर टाकतायत?"

"वर टाकतायत."

"मग खालची हाय." राग आला किंवा आत काही हललं की त्यांचं वारज्याचं 'हाय' बाहेर यायचं.

"बाई, मी थांबवू का? तुम्ही बोला अजयशी."

"नको. सामान आलंय ना? पोरानं हौसेनं आणलंय."

ज्या बाईनं मुख्याध्यापिकेला लेखी सुनावलं, दुकानदाराला, अध्यक्षाला सोडलं नाही, तिला पोटच्या पोराला एक 'नको' म्हणता आलं नाही. त्या आल्या त्या दिवशी मी दारातच होते. सुनेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. अजयनं सगळे दिवे लावले होते. बाईंनी चपला काढल्या, उंबऱ्याच्या आत आल्या, आणि उभ्या राहिल्या. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा फिरला नाही.

"कशी वाटते, आई?"

"छान आहे."

तो तिसरा शब्द मी त्यांच्या तोंडून फरशीबद्दल कधी ऐकला नव्हता.

फरशी वर टाकल्यामुळे सगळ्या दारांना खालून कापावं लागलं. ते दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते बाथरूममध्ये होतं. तिथेही जुन्यावर नवी टाकली, पण दारातली दगडी पट्टी होती तेवढीच राहिली. आतली जमीन वर आली आणि पट्टी बुटकी झाली. अंघोळीचं पाणी पट्टी ओलांडून बाहेर, घरातल्या बोळात यायला लागलं. मिस्त्रीला मी विचारलं. तो म्हणाला, "ढाळ जुनाच ठेवलाय ताई. साहेब म्हणाले पट्टीला हात लावू नका, लुक जातो." पुन्हा लुक.

बाईंनी रबरी सपाता आणल्या. घरात. त्या सपाता दारात दिसल्या तेव्हा मला जावेची आठवण झाली, पण मी बोलले नाही. बाईच म्हणाल्या, "बघ. तुझ्या जावेला सांग, म्हातारीची खोड मोडली." हसायला हवं होतं म्हणून हसल्या. जमिनीवर बसून पुसणं बंद झालं, त्यासाठी मोलकरीण ठेवली. घरातही त्या भिंतीच्या कडेनं चालायला लागल्या. मी म्हटलं, अजयला सांगते. म्हणाल्या, "सांगितलंस तर तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही." आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

श्रावणात एका सकाळी त्यांच्या घरातून शिट्टी वाजली. जुडग्यातली. माझ्याकडे त्यांची दुसरी किल्ली होती. आत गेले तर बोळात आडव्या, नुकतीच अंघोळ झालेली, पाय विचित्र वळलेला. मी त्यांना उचलायला वाकले तर म्हणाल्या, "मला नंतर. आधी पाणी बघ कुठपर्यंत आलंय." पाणी पट्टी ओलांडून पार त्यांच्या पाठीखालपर्यंत आलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "आजी, कशा पडलात?" उत्तर अजयनं दिलं. "चक्कर आली असेल. बीपी आहे तिला."

"चक्कर नव्हती," बाई म्हणाल्या.

डॉक्टर लिहीतच होता.

"काय लिहिलंत?"

"चक्कर, आजी."

बाईंनी मान वळवून मला शोधलं. "सेक्रेटरी, तू लिही. चक्कर नव्हती. फरशीनं सोडलं."

त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं. शहाळं टेबलावर ठेवायचं, सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "वय झालं की असंच." देवस्थळी म्हणाले, विद्यार्थिनी म्हणाल्या, माझा नवरासुद्धा म्हणाला. बाईंचं वय सगळ्यांना माहीत होतं. फरशीचं वय कुणी विचारलं नाही. ती जेमतेम एका पावसाळ्याची होती. त्याच घरात, त्याच बोळात, त्याच वयाची बाई मे महिन्यापर्यंत ओल्या पायानं बिनधास्त चालत होती. पण माणूस पडला की माणसाचं वय काढायचं, आणि फरशी मात्र पुसून पुन्हा चकचकीत करायची. ही रीत कुणी पाडली मला माहीत नाही. आमच्या सोसायटीत ती एकमतानं मंजूर आहे.

अजयनं त्यांना वारज्याला नेलं. बाराव्या मजल्यावर. म्हणाला, "आता एकटीला ठेवायचं नाही." सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. वारज्याला तर फरशी इतकी चकाकते की खिडकीतला डोंगर खाली दिसतो. बाईंना तिथे रबरी ठिपके असलेले मोजे घातले, वॉकर दिला आणि पलंगावर बसवलं. हाड जुळलं, डॉक्टर चाला म्हणत होते. बाई चालेनात. सून मला काळजीनं सांगायची, "हिंमतच हरल्यात हो." त्या हिंमत हरल्या नव्हत्या. त्यांना ती जमीन मान्य नव्हती.

दिवाळीनंतर मी गेले तेव्हा त्यांनी सुनेला चहाला पिटाळलं आणि माझ्या हातात स्वतःकडची किल्लीही ठेवली. "वरची काढून घे. खालची हाय अजून. ती मोकळी झाली की मी येते कोथरूडला. अजयला मी सांगितलंय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बघू. तू बघू नको. तू काढ."

मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दारापाशी छिन्नी लावून एक फरशी उचकटली. खाली राखाडी, हिरवट खडे दिसले. माझा जीव भांड्यात पडला. मग मिस्त्रीनं बोट दाखवलं. सगळ्या पृष्ठभागावर खड्डेच खड्डे. नवी फरशी नीट चिकटावी म्हणून जुनीला छिन्नीनं टोचे मारायचे असतात, त्यांना टाचे म्हणतात. "सगळ्या घराला मारलेत ताई. आता वरची काढली तरी खालची अशीच दिसणार. देवीच्या व्रणांसारखी." तेवढ्यात अजयचा फोन आला. पोरीच्या परीक्षा आहेत, थंडी आहे, आईची तब्येत नाजूक आहे, फेब्रुवारीनंतर बघू. काम थांबलं.

जानेवारीत मी हे सांगायला वारज्याला गेले. पलंग रिकामा होता. सून म्हणाली, "त्या मागे असतात हल्ली. ऐकतच नाहीत." मागे म्हणजे धुण्याच्या मशीनशेजारच्या छोट्या बाल्कनीत. तिथे बिल्डरनं पाण्याची जागा म्हणून स्वस्तातली खरखरीत फरशी टाकली होती. अख्ख्या घरात तेवढीच. बाईंनी तिथे खुर्ची नेऊन मांडायला लावली होती. एका बाजूला कपडे वाळत, दुसऱ्या बाजूला बादल्या. मोजे काढून गजावर टांगले होते. अनवाणी.

मी जीव मुठीत धरून सांगितलं. फरशी खाली आहे, पण तिला सगळीकडे टाचे मारलेत.

बाईंनी क्षणभर विचार केला. चेहरा असा उजळला की मी किती तरी महिन्यांत पाहिला नव्हता. "टाचे मारलेत? मग चांगलंच की. आणखी धरेल."

मग म्हणाल्या, "आणि त्या जिन्यालाही टाचे मारून घे. प्रत्येक पायरीला. दिसायला वाईट दिसेल. दिसू दे. देवस्थळीला म्हणावं, पाटी काढ आणि छिन्नी घे."

"घेते मारून."

"लिहिलंस?"

"लिहिलं."

मी निघाले. बाल्कनीच्या दारातून मागे वळून पाहिलं तर बाईंनी तिथला गज धरला होता आणि उठत होत्या. वॉकर कोपऱ्यात होता. सून धावणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. बाई उभ्या राहिल्या. एका पायावर भार, मग जपून दुसऱ्या. गज सोडला. माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही, पण साडी घोट्याच्या वर होती. उजव्या पायाचा अंगठा फिरला.

"धरते," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

फेब्रुवारीत छातीत कफ साठून त्या गेल्या. पडून राहिलेल्या माणसाला होतो तो. दाखल्यावर कारण वेगळं आहे, सभेत वयोमान आहे.

त्यांचं घर आता विक्रीला आहे. जाहिरातीत अजयनं लिहिलंय, 'नवीन फ्लोअरिंग'. दारातल्या उचकटलेल्या जागेवर पायपुसणं टाकलंय. त्या घराबद्दल मला काही करता येणार नाही. जिन्याबद्दल येतं. जिन्याला टाचे मारण्याचा विषय मी श्रद्धांजलीनंतरच्या दोन्ही बैठकांत मांडला. एकदा 'पुढे ढकलण्यात आला', एकदा 'पाटी मोठ्या अक्षरात करण्याचे ठरले'. नवी पाटी लागली आहे.

मी छिन्नी आणि हातोडा आणून ठेवला आहे, दाराच्या मागे. पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. टाचे मारायचे बाकी आहेत.